घोडबंदरच्या टेकडीवरून पाच वॅट

आमच्या घरात हा वाद जुना आहे. माझे सासरे, अण्णा, फोर्टातल्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसातून निवृत्त झाले. उभी नोकरी तारा पाठवण्यात आणि घेण्यात गेली. मी हॅम आहे, म्हणजे सरकारची परीक्षा देऊन स्वतःचं रेडिओ केंद्र चालवण्याचा परवाना घेतलेली. शब्द दूर पोचवणं हा दोघांच्याही आस्थेचा विषय, आणि नेमकं त्यावरच आमचं पटत नाही.

सुट्टीच्या संध्याकाळी आम्ही मीरा रोडच्या शांतीनगरहून रिक्षाने काशिमीरामार्गे घोडबंदर गावात जातो आणि किल्ल्याच्या टेकडीवर चढतो. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला हा किल्ला. उंची फार नाही, पण वर गेलं की उत्तरेला वसईची खाडी, तिच्यावरचा महामार्गाचा पूल, पलीकडे तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाची रांग अशी सगळी बाजू मोकळी होते. पाठपिशवीत एक हातातला संच, एक छोटा शॉर्टवेव्हचा संच, बॅटरी, वीस मीटर तार आणि एक लांब गळकाठी असते. नवऱ्याकडे पाणी आणि खारे शेंगदाणे, लेकीकडे वही. अण्णा काठी टेकत सावकाश येतात आणि बुरुजाच्या सावलीत बसतात. गेल्या खेपेला तिथेच विषय निघाला.

अण्णा : अगं, मला एवढंच सांग. घरातली चार माणसं संध्याकाळी टेकडीवर येतात. वारा आहे, खाडी आहे. आणि त्यातलं एक माणूस तोंडाशी यंत्र धरून वसईतल्या कुणा परक्याला विचारतं, माझा आवाज कसा येतोय? तो म्हणतो, स्वच्छ येतोय. मग तो विचारतो, माझा? तू म्हणतेस, स्वच्छ. संपलं. यात निरोप कुठे आहे?

मी : निरोप नाहीच, अण्णा. आम्हाला तो पाठवायची परवानगीच नाही. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, गुप्त भाषा वापरायची नाही, एरवी तिसऱ्या माणसाचा निरोप पोचवायचा नाही. मुभा आहे ती आपत्तीच्या वेळी. बाकी दिवशी हॅमने हॅमशी बोलायचं, आणि मुख्यतः यंत्र, अँटेना, लहरी यांविषयी.

अण्णा : म्हणजे नळ आहे, पाणी आहे, आणि प्यायचं कुणी नाही. आमच्याकडे माणूस शब्दागणिक पैसे मोजायचा. खिडकीशी उभा राहून मजकुरातला एकेक शब्द खोडायचा. ‘आई’ ठेवायचं, ‘गंभीर’ ठेवायचं, ‘ताबडतोब’ ठेवायचं, बाकीचं काढायचं. आम्ही ते शब्द घ्यायचो आणि पुढे द्यायचो, एक अक्षर इकडचं तिकडे न होऊ देता. खेड्यात तार आली म्हटलं की उघडायच्या आधी बायका रडायला लागायच्या. दुसऱ्याचा शब्द आपल्या हातात आहे, ही जाणीव रात्रपाळीतही सुटली नाही. १४ जुलै २०१३ च्या रात्री तारसेवा बंद झाली तेव्हा लोक हौसेखातर शेवटची तार करायला रांगा लावून उभे होते. मी गेलो नाही. ज्या तारेत काही कळवायचंच नाही ती तार कसली?

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं ते नसावंच. अण्णांनी जे केलं ते काम मोठं होतं. हॅम रेडिओची थोरवी सांगताना आपण त्या कामाशी बरोबरी करायला गेलो, तर खोटं बोलू. म्हणून मी त्यांना दुसऱ्या बाजूने सांगायला लागले. घरात बसून का नाही, टेकडी कशाला, इथून.

मी : घरून लागत नाही, अण्णा. आपल्या सेक्टरात इमारतीला इमारत लागून आहे. प्रत्येक घरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर, खाली पाण्याच्या मोटारी. ही सगळी यंत्रं शॉर्टवेव्हवर खरखर सोडत असतात. घरी मी संच लावला की ती खरखर एवढी असते की तिच्याखाली नागपूरचा माणूसही बुडून जातो. इथे वर ऐका.

मी शॉर्टवेव्हच्या संचाचा आवाज मोठा केला. हलकी सळसळ, तिच्यात मधूनच कुणाचा तरी आवाज वर येत होता. शांतीनगरात राहणाऱ्याला या शांततेची किंमत वेगळी समजवावी लागत नाही.

मी : आणि हातातल्या संचाचं गणित उंचीचं. तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो. या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेतच जातात. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि चारने गुणायचं. साधारण तेवढे किलोमीटर क्षितिज. पंचवीस मीटरवरून वीस किलोमीटर, शंभरवरून चाळीस. समोरचाही उंचावर असला तर त्याचं क्षितिज आपल्यात मिळवायचं. पल्ला दुप्पट हवा तर उंची चौपट लागते.

अण्णा : मग इथून डोंबिवली लागायला हवी.

मी : लागत नाही. पूर्वेला आणि दक्षिणेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आडवा आहे. त्याचा माथा साडेचारशे मीटरच्या वर जातो. उत्तरेकडे मात्र वसई, नालासोपारा, विरार, हवा बरी असली तर पालघरपर्यंत, एवढ्याशा पाच वॅटवर. घरातला साधा एलईडी दिवासुद्धा याहून जास्त वीज खातो.

अण्णा : आम्ही खांब मोजायचो. तू डोंगर मोजतेस.

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की नाही, मला सांगता येत नाही. पण मला ते अगदी नेमकं वाटलं. मोबाइल उचलला की आपला शब्द कोणत्या मनोऱ्यावरून, कोणत्या केबलीतून गेला हे आपल्याला कधीच कळत नाही आणि कळायची गरजही उरलेली नाही. रेडिओवर बोलताना मला तो रस्ता पूर्ण ठाऊक असतो: बॅटरीत किती जोर उरलाय, तार कोणत्या दिशेला ताणलीय, मधे कोणता डोंगर आहे, सूर्य किती खाली गेलाय. या गोष्टींशी जुळवून घेतल्याशिवाय शब्द पोचत नाही. मीरा रोडला इतकी वर्षं राहून कामणदुर्ग नेमका कुठे आहे हे मला अँटेना हातात घेतल्यावर कळलं.

संध्याकाळ निवडण्यालाही कारण आहे. दिवसा सूर्यामुळे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युतभारित थर तयार होतो आणि तो ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी शोषतो. तेव्हा पुणे, नाशिक, कोल्हापूर एवढंच मिळतं. ऊन उतरलं की हा थर विरायला लागतो. मग लहरी आणखी वर जातात, अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या थरावरून परततात आणि फार लांब उतरतात. सूर्यास्ताच्या आधीच्या पाऊण तासात हा बदल कानाने ऐकू येतो. जवळचे आवाज पातळ होतात, लांबचे उगवतात. लेक वहीत वेळ लिहिते, पुढे लहरीची वारंवारता, समोरच्याचं संबोधन म्हणजे कॉलसाइन, आवाजाची प्रत. स्पष्टतेला पाचांपैकी, जोराला नवांपैकी गुण. तिला बारा पूर्ण नाहीत, म्हणून परीक्षा देता येत नाही आणि बोलताही येत नाही. ऐकणं आणि लिहिणं तिचं.

अण्णा : हे मला जास्त खटकतं. पोर इथे बसून ऐकते, बोलायचं नाही. माझ्या खिडकीवर निरक्षर बाई आली तरी तिची तार जायची. मजकूर लिहून द्यायला कुणी ना कुणी भेटायचं. तुमच्याकडे आधी परीक्षा, मग परवाना, मग हजारोंची यंत्रं. सगळ्यांच्या आकाशात थोड्यांची सोय.

मी : परीक्षा असायला हवी असं मला वाटतं. याच आकाशात विमानं बोलतात, पोलीस बोलतात, बोटी बोलतात. चुकीच्या जागी दाबलेलं बटण कुणाच्या तरी मदतीच्या हाकेवर पडू शकतं. पण तुमचं अर्धं खरं आहे. संच महाग आहेत. म्हणून मला क्लबांची जुनी रीत प्रिय आहे: एकाचं यंत्र, दहा जण शिकणारे. आणि तार तर कुणालाही परवडते. ही बघा, साधी वायर. मधोमध कापलेली, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. मधलं टोक गळकाठीवर, बाजूची दोन खाली उतरती. किल्ल्याच्या दगडात खिळा ठोकायचा नाही, काठी पिशवीला बांधायची.

अण्णा : ते बरं करता. पण वीसच मीटर का?

या प्रश्नाची मी वाट पाहत होते, कारण त्याच्या उत्तराला मुंबईच्या इतिहासाची जोड आहे.

लहरीची लांबी चाळीस मीटरच्या आसपास, तार तिच्या निम्मी. या पट्ट्याला हॅम चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात; भारतात तो ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. ‘छोडो भारत’चा ठराव होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, पुढारी तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. विशीतल्या उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे सोबती जागा बदलत बदलत गुप्तपणे बातम्या आणि भाषणं प्रक्षेपित करत होते. प्रक्षेपक बांधणारे नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओतले, म्हणजे हॅमच. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी परवाने रद्द केले होते, तरी यंत्र बांधायची विद्या काही रद्द होत नाही. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या रेडिओची लहर होती ४२.३४ मीटर. मेगाहर्ट्झमध्ये हिशेब केला तर ७.०८. म्हणजे आज घोडबंदरच्या टेकडीवर आम्ही ज्या पट्ट्यात नाशिकच्या माणसाला आवाज कसा येतोय विचारतो, त्याच पट्ट्याच्या आत. तेव्हाही त्यांना साधारण एवढीच तार लागली असणार. हा हिशेब मी पहिल्यांदा केला त्या रात्री मला झोप आली नाही.

अण्णा : बघ, तूच माझी बाजू मांडलीस. त्यांच्याकडे सांगायला काही होतं. त्यासाठी मुलगी तुरुंगात गेली. तुमच्याकडे यंत्र तेच, पट्टा तोच, आणि बोलायला हवामान.

मी : पण अण्णा, सांगायला होतं तेव्हा बांधता येणारा माणूस सापडला तो कुठून? तो आधीच्या वर्षांत काहीही सांगायचं नसताना तारा ताणत बसला होता म्हणून. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम अंदमानात गेल्या त्या हौसेसाठीच. तिथून हॅम रेडिओला बऱ्याच वर्षांनी परवानगी मिळाली होती, जगभरचे हॅम पोर्ट ब्लेअरशी बोलायला टपले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि त्यांचं केंद्र बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचवायला लागलं. १९९३ साली लातूर-किल्लारीच्या भूकंपानंतरही हॅम असेच संच घेऊन गेले होते.

अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे विचारलं ते आमच्या घरात सहसा कुणी काढत नाही.

अण्णा : ११ जुलै २००६. त्या दिवशी तुझं हे असतं तर?

त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. एक आमच्या मीरा रोड आणि भाईंदरच्या दरम्यान. १८० हून अधिक माणसं गेली. माझा नवरा रोज त्याच वेळेला निघायचा. मोबाइलचं जाळं कोंडलं होतं, फोन लागत नव्हते. अण्णा गॅलरीत उभे होते. ते पुन्हा पुन्हा आत येऊन फोन फिरवत होते आणि परत बाहेर जाऊन उभे राहत होते. नवरा रात्री उशिरा चालत घरी आला. तो वेगळ्या गाडीत होता.

मी : काही उपयोग झाला नसता, अण्णा. त्याच्याकडे संच नव्हता, डोक्यावर छत, भोवती इमारती. फार तर एखादा हॅम इस्पितळातली यादी वाचून दाखवू शकला असता, तीही कुणी त्याला तिथे उभं राहू दिलं तर. त्या दिवशी शेकडो लोकांनी हाताने केलं तेच कामाला आलं: रुळांवर उतरून जखमी उचलले, चादरींची झोळी केली. मी रेडिओ घेते तो पुन्हा असं झालं तर आपण वाचू म्हणून नाही.

अण्णा : मग कशासाठी?

मी : ऐकण्यासाठी. तुम्ही म्हणता निरोप नाही. खरंय. पण पलीकडे माणूस आहे की नाही, हे आधी कळायला लागतं. बटण सोडल्यावर जी दोन-तीन सेकंद जातात त्यात मला काहीच ठाऊक नसतं. कुणी ऐकलंच नसेल. मग पालघरच्या बाजूने कुणीतरी माझं संबोधन अक्षर अक्षर परत म्हणतं, आणि मला कळतं की या हवेतून रस्ता आहे. फोनवर आपण ज्याला हवं त्यालाच गाठतो. इथे जो ऐकत असेल तो. तो शिक्षक असतो, ट्रक दुरुस्त करणारा असतो, निवृत्त नौसैनिक असतो, आणि मी कोण ते न विचारता तो माझ्या आवाजासाठी आपल्या संचाची सूक्ष्म खुंटी फिरवत बसतो. एवढं लक्ष देऊन मला दिवसभरात दुसरं कुणी ऐकत नाही.

नवरा एवढा वेळ शेंगदाणे सोलत गप्प होता. तो म्हणाला, ‘‘हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.’’ मी म्हटलं, होतं.

अण्णांनी आपला मुख्य मुद्दा इथे पुन्हा मांडला, आणि तो मला आजही सर्वांत भक्कम वाटतो: घरच्यांना टेकडीवर आणायचं आणि बोलायचं परक्यांशी, हा घरच्यांवर अन्याय आहे. माझं उत्तर एवढंच की आम्ही इथे एकत्र ऐकतो. खरखरीतून आवाज येतो तेव्हा चौघांच्या माना एकाच वेळी वळतात. ‘‘काय म्हणाला? सांगली की सांगोला?’’ लेकीचा कान माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. आकडे तीच पकडते. घरी एका खोलीत चार पडद्यांवर चार जण असतात. अण्णांना हे पूर्ण पटलेलं नाही. त्यांच्या मते त्यासाठी रेडिओ लागत नाही, कावळे ऐकले तरी चालतं.

बोलणं संपवताना मी नेहमीप्रमाणे ‘सेव्हन्टी थ्री’ म्हटलं. अण्णांनी मान वर केली.

अण्णा : त्र्याहत्तर? हे काय?

मी : शुभेच्छा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या तारवाल्यांनी नेहमीच्या वाक्यांना आकडे दिले होते. बाकीचे बहुतेक विरले, हा राहिला. जगभरचे हॅम निरोप घेताना हाच म्हणतात.

अण्णा : आमच्याकडेही होते. दिवाळीला एक आकडा, लग्नाला एक. आकडा पाठवायचा, पलीकडचा मजकूर लिहून घ्यायचा. लग्नसराईत एकाच आकड्याने हात भरून यायचा. मग इतका वेळ निरोप नाही म्हणत होतीस ते?

मी : एवढा एक असतो.

लेकीने वही पुढे केली आणि विचारलं की बारा वर्षं पूर्ण झाल्यावर तिने कोणती परीक्षा द्यायची. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला रेडिओचं तंत्र आणि नियम एवढंच पुरतं. जनरलला त्याशिवाय मोर्स, मिनिटाला आठ शब्द. मी म्हटलं, आधी सोपी दे, बोलायला लाग. अण्णांना हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांच्या मते हे करायचंच असेल तर मोर्ससकट करावं. आवाज विरतो तिथेही ठोका ऐकू येतो, हे त्यांनी रात्रपाळ्यांत अनुभवलंय, आणि हॅमही तेच सांगतात: पाच वॅटवर जिथे बोलणं पोचत नाही तिथे मोर्स पोचतो, कारण त्याला फार अरुंद जागा पुरते आणि कानाला फक्त आहे-नाही एवढंच ओळखायचं असतं.

‘‘मग तुम्ही शिकवा, आजोबा,’’ लेक म्हणाली.

‘‘नाही. मी ते नोकरीसाठी शिकलो. रात्री झोपेतही माझी बोटं हलायची, आजीला विचार हवं तर. मला ते पुन्हा सुरू करायचं नाही. तुझी आई शिकवेल.’’

‘‘आईला अजून येत नाही. ती पाचावर अडकलीय.’’

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘आठसुद्धा नाही? त्या वेगावर आम्हाला कुणी यंत्रापुढे बसू दिलं नसतं,’’ ते म्हणाले, आणि काठी घेऊन उतरायला लागले. अंधाराआधी खाली पोचायला हवं. उद्यानाच्या कडेला बिबट्याचा वावर असतो. मी तार गुंडाळायला घेतली. खाली रिक्षा मिळेपर्यंत ते लेकीला सांगत होते की माझी चूक कुठे होतेय: मी ठिपके आणि रेघा मोजते, आणि मोर्स मोजायचा नसतो, अख्खं अक्षर एका आवाजात ऐकायचं असतं.